पडदे काढलेला बास: जॅको पास्टोरियसच्या नादाची घडण

जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाच्या इलेक्ट्रिक बास गिटारचा नाद १९७६ साली त्याच्या पहिल्या अल्बममधून आणि पुढे ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ-समूहाच्या ध्वनिमुद्रणांतून रसिकांपर्यंत पोहोचला, आणि एरवी साथीपुरते ऐकू येणारे हे वाद्य त्याच्या हाती गाऊ लागले. त्याचे मुख्य वाद्य म्हणजे फेंडर कंपनीचा १९६२ सालचा जॅझ बास. त्याच्या मानेवरचे धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट, काढलेले होते आणि उघड्या फिंगरबोर्डवर नौकांसाठी वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीचा थर चढवलेला होता. तोच नाद मिळावा म्हणून आजही अनेक वादक आपला बास कारागिराच्या स्वाधीन करतात. हे काम नीट पाहिले, की त्यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळेच आवश्यक ठरते, हे ध्यानात येते.

पडद्याचा वरचा भाग गोलसर असतो आणि खालची दातेरी पट्टी लाकडातल्या चिरेत घट्ट बसलेली असते. पडदा ओढून काढला तर चिरेच्या कडेचे रोझवुड ढलप्यांनी निघते. म्हणून कारागीर सोल्डरिंग आयर्नने तो आधी तापवतो आणि सपाट तोंडाच्या पकडीने एका टोकापासून हळूहळू उचलत जातो. जॅझ बासवर असे २० पडदे असतात. रिकाम्या चिरा तशाच ठेवल्या तर तारांच्या ताणाने त्या मिटू लागतात व मान पुढे वाकते, म्हणून त्यांत लाकडाच्या पातळ पट्ट्या किंवा लाकडी लांबी भरतात. भरलेल्या चिरांच्या रेघा दिसत राहतात आणि पुढे बोटाला खुणा म्हणून उपयोगी पडतात.

इपॉक्सीची गरज तारांमुळे निर्माण होते. बासच्या तारेवर गोल तारेचे वेढे असले, तर तिला राउंडवाउंड म्हणतात आणि चपट्या पट्टीचे असले, तर फ्लॅटवाउंड. पास्टोरियस रोटोसाउंड कंपनीच्या पोलादी राउंडवाउंड तारा वापरत असे. त्यांचा आवाज उजळ आणि दाणेदार, पण पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत असल्याने उघडे लाकूड त्यांच्याखाली लवकर झिजते. राळ आणि तिला कडक करणारे द्रव्य एकत्र करून तयार होणारा इपॉक्सीचा थर ही झीज रोखतो, आणि लाकडापेक्षा कठीण असल्यामुळे तारेचे वरचे स्वरांश कमी शोषून घेतो. संरक्षणासाठी केलेला उपाय अशा रीतीने नादाचाच घटक बनतो.

या कामात सर्वाधिक वेळ लागतो तो थर सपाट करण्यास. फिंगरबोर्ड आडवा किंचित बहिर्वक्र असल्याने पातळ राळ कडांकडे ओघळते. म्हणून कडांना चिकटपट्टीचा बांध घालून थरावर थर देतात. थर पूर्ण कडक झाला, की कारागीर त्यावर पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढतो आणि त्याच वक्रतेच्या ठोकळ्यावर पॉलिशपेपर लावून घासू लागतो. उंचवट्यांवरच्या रेघा आधी पुसल्या जातात, खळग्यांतल्या मागे राहतात. शेवटची रेघ जाईपर्यंत घासणे चालते आणि मग अधिकाधिक बारीक कागदाने झिलई आणली जाते. पडद्यांची उंची गेल्यामुळे तारा आता फार वर राहतात, म्हणून नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा पेलणाऱ्या पट्टीच्या, खाचा खोल करून आणि घोडीवरचे आधार उतरवून त्या फिंगरबोर्डलगत आणतात.

इथे तंबोऱ्याच्या जवारीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा असा घासतात, की कंपणारी तार त्याला अगदी लहान कोनात स्पर्शत राहते आणि स्वरांशांनी भरलेला झंकार उमटतो. इपॉक्सी चढवलेल्या बासवरही दाबलेल्या बोटापुढची तार कठीण पृष्ठभागाला हलकेच घासते आणि हळूहळू उमलणारा, अनुनासिक नाद निघतो. मान अगदी सरळ असेल तर तार जास्त खरखरते आणि फार वाकलेली असेल तर हा स्पर्श हरवतो, म्हणून मानेतली लोखंडी सळई फिरवून बाक नेमका ठेवावा लागतो.

उरलेला भाग पिकअपचा, म्हणजे तारेच्या कंपनांचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करणाऱ्या चुंबक-वेटोळ्याचा. जॅझ बासवर असे दोन असतात. घोडीजवळ तारेचे मूलकंपन लहान असते आणि वरचे स्वरांश त्या मानाने ठळक राहतात, म्हणून पास्टोरियसचा भर घोडीकडच्या पिकअपवर होता. मात्र तो एकटा चालवला, की दोघांच्या जोडीने नाहीशी होणारी विजेची गुणगुण परत ऐकू येते. ती कमी करण्यासाठी पिकअप बसवलेल्या पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावतात.

एवढे झाल्यावरही स्वराची जागा वादकालाच शोधावी लागते. पडद्यांच्या वाद्यावर बोट पडद्याच्या थोडे मागे पडले तरी स्वर अचूक येतो. इथे ते नेमके रेघेवर पडावे लागते आणि किंचित चूकही बेसूर ऐकू येते. त्याच मोकळेपणातून मींड आणि कंप मिळतात, पण ते साधेपर्यंत बराच रियाज लागतो. म्हणून जुन्या, मूळ स्थितीतल्या वाद्याचे पडदे काढण्याची घाई करू नये. जॅझ बासची मान स्क्रूंनी जोडलेली असते. दुसरी मान घेऊन तिच्यावर हे सर्व काम केले, तर मूळ वाद्य सुरक्षित राहते आणि नव्या नादासाठी कान व हात तयार करायला हवा तेवढा वेळ मिळतो.