खलाशांचा डगला

थंडी वाजली की आपण घोंगडी पांघरतो. पण दोन्ही हातांनी काम करायचं असलं तर? घोंगडी खांद्यावरून घसरते. समुद्रावरच्या खलाशांना तर थंडीत सारखं काम असे. त्यांच्यासाठी एक लोकरी डगला होता. त्याला डफल कोट म्हणतात.

युरोपात बेल्जियम नावाचा लहानसा देश आहे. तिथे अँटवर्प शहराजवळ डफल नावाचं गाव आहे. या गावावरून एका जाड्याभरड्या लोकरी कापडाला डफल हे नाव पडलं. पुढे कोटालाही तेच नाव मिळालं. इंग्लंडच्या आरमाराने हा कोट आपल्या खलाशांना दिला. पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झालं, दुसरं १९३९ ते १९४५ या काळात. दोन्ही युद्धांत खलाशांनी तो वापरला.

त्यांचं काम कसं होतं, बघा. १९४१ पासून १९४५ पर्यंत जहाजांचे तांडे उत्तरेच्या समुद्रातून रशियाला युद्धाचं सामान नेत. लाटांचं पाणी जहाजावर पडलं की गोठून जाई. बर्फ साचून जहाज वरून जड होई. मग ते उलटण्याची भीती! म्हणून खलाशी कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन बर्फ फोडत. रात्री उघड्यावर पहारा करत. हातमोजे काढावे, तर बोटं गोठतात. मोजे घालून बारीक बटणं लागत नाहीत. मग करायचं काय?

त्यावर साधी युक्ती केली. बटणांऐवजी कोटाला लाकडाच्या लांबट खुंट्या लावल्या. समोरच्या बाजूला दोरीचे फासे लावले. खुंटी फाशातून ओवली की कोट बंद. जाड मोजे असले तरी हे जमतं. मानेमागे मोठं टोपडं जोडलं. ते खलाशाच्या टोपीवरूनसुद्धा ओढता येई. आपल्याकडे पावसात घोंगडीची खोळ करतात ना, तसाच त्याचा उपयोग. कोट मुद्दाम ढगळ शिवत, म्हणजे आत आणखी कपडे घालता येत.

आता लोकर ऊब कशी देते? लोकर स्वतः गरम नसते बरं का! तिचे केस कुरळे असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. ही हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर ओल शोषून घेते. एक किलो कोरडी लोकर हवेतली सुमारे ३०० ग्रॅम ओल पिते, तरी हाताला ओली लागत नाही.

युद्ध संपलं. आरमाराकडे उरलेले कोट स्वस्तात विकायला निघाले. विद्यार्थ्यांनी आणि सामान्य लोकांनी ते घेतले. तो साठा संपला, तेव्हा ग्लोव्हरऑल नावाची कंपनी तसे नवे कोट करू लागली. असे कोट आजही मिळतात. काहींच्या खुंट्या शिंगाच्या असतात.

कोट असो की घोंगडी, लोकर जपावी लागते. कडक पाण्यात घालून ती चोळू नका. तिचे केस एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. एकदा आटलेलं कापड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा. पिळू नका. सावलीत पसरून वाळवा. नीट वाळल्यावरच घडी करा. ठेवणीतल्या लोकरीला कसर लागते. म्हणून मधूनमधून ती बाहेर काढा, झटका आणि ऊन दाखवा. इतकं केलंत, तर लोकर पुष्कळ हिवाळे ऊब देईल.