हातात पैसा आला, तरी जिवाला चैन का नाही?



मागच्या महिन्यात विहारात रक्तदाब तपासणी ठेवली होती. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची एक बाई समोर येऊन बसली. रक्तदाब वाढलेला, डोळे ओढलेले. "सिस्टर, रात्री डोयाले डोया लागत नाही जी," ती म्हणाली. घरची चौकशी केली. घरकुल झाले आहे, मुलगा हैदराबादला कामाला आहे, गॅस आहे, टीव्ही आहे. तिच्या आईच्या घरात यातले काहीच नव्हते. "झोप जास्त कोणत्या रात्री उडते?" असे विचारल्यावर म्हणाली, "सोमवारी. मंगळवारी हप्ता राहते ना."

तिला डॉक्टरांकडे पाठवले, गोळ्या सुरू झाल्या. पण सोमवारच्या रात्रीचे काय? पूर्वीपेक्षा चार पैसे जास्त येतात, तरी समाधान का नाही, हा प्रश्न मला तपासणीच्या खुर्चीत वारंवार भेटतो. सतत काळजीत राहणाऱ्याची झोप जाते, रक्तदाब वाढतो, दारू-खर्ऱ्याचे व्यसन जडते. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेते आहे.

आपल्या घरांनी पाहिलेले बदल

विदर्भात आपल्या समाजातली बरीच कुटुंबे जाडेभरडे कापड विणून जगत. गिरणीचे स्वस्त कापड आले आणि हातमाग बसले. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे आपली अनेक माणसे गिरणीत लागली. इकडे गोंदिया-भंडाऱ्यात जंगलात तेंदूपत्ता होता, माल न्यायला रेल्वे होती. बिडीचा धंदा वाढला आणि बाया सूप मांडीवर घेऊन बिड्या वळू लागल्या.

1991 मध्ये देशाचे आर्थिक धोरण बदलले. एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली. बिडीचे कामही आटत गेले. आज आपली मुले राईस मिलमध्ये, बांधकामावर, हैदराबाद-पुण्याला कंत्राटी कामावर आहेत.

बिडीचे काम चांगले होते असे कोणी म्हणू नये. तंबाखूची धूळ छातीत जायची, पाठ मोडायची, मजुरी कमी आणि वर सट्टेदार छाट काढायचा. पण लढून मिळवलेले काही हक्क होते. 1966 मध्ये बिडी कामगारांचा कायदा झाला. 1976 च्या कायद्याने बिडीवरच्या उपकरातून कल्याण निधी उभा राहिला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्ती मिळाली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर बंद झाला. आता कंत्राटी कामात हातात रोकड जास्त येते, पण उद्या काम असेल का, आजारी पडलो तर कोण बघेल, याची खात्री नसते.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला. सरकारी कारखाने बंद पडले किंवा विकले गेले, पगार थकले, महागाईने बचत खाल्ली. 1990 च्या सुमारास रशियातला पुरुष सरासरी 64 वर्षे जगत होता. 1994 मध्ये हे वय 58 च्याही खाली आले. युद्ध किंवा साथीचा रोग हे त्याचे मुख्य कारण नव्हते. माणसे हृदयविकाराने, दारूने, आत्महत्येने आणि मारामारीत गेली. आधार अचानक तुटला की शरीर कसे कोसळते, याचा हा पुरावा आहे.

चीनची गोष्ट वेगळी आहे. तिथे 1990 ते 2010 या काळात माणसामागचा खर्च-वापर चौपट किंवा त्याहून अधिक झाला. तरीही रिचर्ड ईस्टरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की लोकांचे समाधान आधी घसरत गेले आणि नंतर थोडे सावरले. सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार कमी झाले होते. नोकरीसोबत मिळणारे घर, औषधपाणी, पेन्शन गेले. सर्वांत जास्त फटका गरिबांना आणि कमी शिकलेल्यांना बसला.

समाधान कशावर उभे असते?

समाधान मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये ती मांडली. दहा पायऱ्यांची शिडी समजा. वरच्या पायरीवर तुमच्यासाठी शक्य तेवढे चांगले जीवन, तळाशी सर्वांत वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? जागतिक आनंद अहवालात हाच प्रश्न विचारतात. 2024 च्या अहवालात 143 देशांत भारत 126 वा होता. अशा अभ्यासांतून आणि माझ्या वस्तीतल्या अनुभवातून पुढच्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, पैसा. पोट उपाशी असेल तर समाधान नाही, हे सांगायला अभ्यास नको. पण पोट भरल्यावर किती येते यापेक्षा ते दर महिन्याला येते का, याला महत्त्व येते.

दुसरी, काम. काम सुटल्यावर माणूस पगार गमावतो, सोबत ओळखही गमावतो. सकाळी निघायला जागा नाही, चौकात सांगायला उत्तर नाही. घरी बसलेल्या मुलाला टोमणे मारण्याआधी हे लक्षात घ्या.

तिसरी, कर्ज. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, ती अंगुत्तर निकायात आहेत. सचोटीने मिळवलेले धन असणे, त्याचा उपभोग घेणे व दान करणे, अंगावर ऋण नसणे आणि वागणूक निर्दोष असणे. ऋण नसणे हे वेगळे सुख म्हणून मोजले आहे. आपल्या वस्तीत कर्ज बहुतेक वेळा दोन कारणांनी होते: आजारपण आणि लग्न.

चौथी, शेजाऱ्याशी तुलना. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1973 मध्ये हे समजावून सांगितले. आपल्या रेल्वे फाटकाचे उदाहरण घ्या. गाड्यांच्या दोन रांगा थांबल्या आहेत. बाजूची रांग हलली की आधी बरे वाटते, आता आपलीही हलेल. पण तीच रांग पुढे जात राहिली आणि आपली जागेवरच राहिली, तर डोके तापते. बदलत्या काळात असेच होते. म्हणून गरिबाच्या असमाधानाला नुसती जळजळ म्हणू नका. आपली रांग कोणी अडवली, हे विचारणे रास्त आहे.

पाचवी, मान आणि माणसे. मेलेली जनावरे ओढण्याचे काम आपल्या आज्या-आजोबांनी सोडले, तेव्हा मिळकत बुडाली. 1956 च्या धम्मदीक्षेनेही कोणाची मजुरी वाढली नाही. पण माझी आजी म्हणायची, "तवापासून मान वर करून चाललो." आणि अडचणीत हाक मारावी असे एक तरी माणूस असणे, हे जगभरच्या अभ्यासात समाधानाचे मोठे कारण ठरले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. समाधान म्हणजे "आहे त्यात गप्प राहा" नव्हे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ चालू देता येणार नाही. असमाधानाचे खरे कारण ओळखणे हाच उपचाराचा आरंभ आहे.

घरी आणि विहारात काय करता येईल?

• महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यादीतल्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावे आजच जुळवून घ्या. आजारी पडल्यावर धावपळ होते आणि कर्ज तिथेच सुरू होते.

• गटाचे कर्ज घेण्याआधी हिशेब करा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ चालत नाही. एक हप्ता फेडायला दुसरे कर्ज काढू नका.

• लग्न साध्या बौद्ध पद्धतीने, विहारात, कमी खर्चात करा.

• दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, कशात मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, तर तो आजार आहे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातही सांगा, लाजू नका. बाहेरगावी कामाला असलेल्या मुलालाही हा क्रमांक द्या.

• येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर फळ्यावर दहा पायऱ्यांची शिडी काढा. प्रत्येकीने आपली पायरी सांगावी आणि वर जायला काय अडते तेही सांगावे.

आमच्या महिला मंडळात आम्ही हे केले. सोमवारची झोप उडणाऱ्या बाईने तिसरी पायरी दाखवली आणि हप्त्याची गोष्ट पहिल्यांदा चारचौघींत बोलली. तेव्हा कळले की मंगळवारची भीती आणखी अकरा घरांत आहे. आता त्या बारा जणी मिळून वही घेऊन बसतात आणि कोणाचे किती हप्ते, कोणते आधी फेडायचे, हे ठरवतात. कर्ज अजून आहेच. तिचा रक्तदाब मी दर पंधरवड्याला मोजते आहे.