पाटा, ‘शॉकअप’ आणि उंच केलेली पिकअप

यंत्राच्या एखाद्या भागास रूढ झालेले नाव त्याच्या कार्याचे यथार्थ वर्णन करतेच असे नाही. आणि नाव फसवे असले म्हणजे त्यावर विसंबून केलेली दुरुस्तीही फसण्याचा संभव असतो. मोटारीतील ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हे याचे उद्बोधक उदाहरण होय. गॅरेजातील मराठीत त्याचा ‘शॉकअप’ झाला व पुस्तकी मराठीत ‘धक्काशोषक’. परंतु मूळ नावातील भ्रम दोन्ही रूपांत कायम राहिला.

वस्तुतः धक्का झेलतो तो पाटा. जुन्या पिकअपच्या मागील आसावर पोलादी पट्ट्यांची जी जुडी यू-बोल्टने आवळलेली असते, तिला गॅरेजात ‘पाटा’ म्हणतात. चाक खड्ड्यात आदळताच पाटा वाकतो, ऊर्जा साठवितो आणि लगेच परत करतो. त्यामुळे गाडी हेलकावत राहते. हे हेलकावे शमविणे एवढेच शॉकअपचे कार्य. त्यातील तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते व गतीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. म्हणून इंग्लंडमध्ये रूढ असलेले ‘डॅम्पर’ हे नाव व मराठी पारिभाषिक शब्द ‘अवमंदक’ हेच अधिक अन्वर्थक ठरतात. पाट्याची कार्ये मात्र तीन आहेत : भार पेलणे, आस जागेवर धरून ठेवणे आणि आसाला बसणारा पीळ सोसणे. गाडी उंच करताना या तिन्हींचे गणित बदलते.

परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावासारख्या गावी पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. अशा वाटेवर गाडी उंच असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पाटा व आस यांच्यामध्ये ठोकळे बसविल्याने केवळ चासी वर जाते. आसाच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो वर उचलावयाचा तर मोठ्या व्यासाचे टायरच लागतात.

चासी वर गेली की शॉकअपच्या दोन टोकांतील अंतर वाढते. जुनाच शॉकअप ठेवल्यास चाक खाली लोंबताना तो पाट्याच्या आधीच पूर्ण ताणला जातो आणि लोंबत्या आसाचे सारे ओझे त्याच्या ब्रॅकेटवर येते. कालांतराने ब्रॅकेट तुटते. उलट, नुसताच लांब शॉकअप बसविल्यास चाक वर येताना, रबरी ठोकळा टेकण्यापूर्वीच, तो आतून ठेचला जातो. ‘धक्काशोषक’ या नावावर भिस्त ठेवणारा येथे अधिक कडक शॉकअप शोधू लागतो. प्रश्न मात्र कडकपणाचा नसून जागेचा असतो. नियम असा की, रबरी ठोकळा टेकला असता दोन ब्रॅकेटांत उरणारे अंतर शॉकअपच्या मिटलेल्या लांबीहून अधिक असावे आणि चाक पूर्ण लोंबले असता होणारे अंतर त्याच्या ताणलेल्या लांबीहून कमी असावे. हा मेळ साधण्यासाठीच वरचे ब्रॅकेट हलवावे लागते.

ब्रॅकेट हलविताना शॉकअपचा कलही पाहिला पाहिजे. तो उभ्या रेषेशी जो कोन करतो, त्याच्या कोज्येच्या वर्गाच्या प्रमाणात त्याचा उभ्या दिशेतील परिणाम उरतो : २० अंशांवर सुमारे ८८ टक्के, ३० अंशांवर ७५ टक्के आणि ४५ अंशांवर अवघा निम्मा. नवे ब्रॅकेट चासीच्या वरच्या किंवा खालच्या पात्यास भोके पाडून बसवू नये, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तेथेच असतो. उभ्या बाजूस आधार घेणे किंवा दोन्ही बाजूंस जोडणारी आडवी पट्टी टाकणे श्रेयस्कर. पिनेलाही एकाच नव्हे, दोन्ही अंगांनी आधार असावा.

पिळाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. चाक जमिनीला मागे रेटते तेव्हा आस उलट दिशेने फिरू पाहतो व पाटा नागमोडी वाकतो. हा पीळ म्हणजे जमिनीवरील ओढ गुणिले पाट्याची जमिनीपासूनची उंची. ही उंची ४२ सेंटिमीटर धरली व १० सेंटिमीटरचा ठोकळा घातला, तर त्याच ओढीस पीळ सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो. पाटा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो आणि चाक जागच्या जागी उड्या मारू लागते. ट्रॅक्शन बार हा आसापासून चासीपर्यंत जाणारा दांडा हाच पीळ रोखतो. परंतु पाटा दबताना आस थोडा पुढेमागेही सरकतो. दांड्याची दोन्ही टोके जखडली, तर ती सरक अडते आणि दांडा व पाटा एकमेकांविरुद्ध झगडतात. म्हणून दांड्याचे चासीकडील टोक शॅकलवर, म्हणजे लोंबत्या कडीवर टांगतात : कडी पुढेमागे झुलू देते, वरखाली मात्र नाही. पीळ अडतो, पाटा मोकळा राहतो.

या साऱ्यास कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाहून भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात तिचा कठोर अर्थ लावला. यास यंत्रशास्त्राचाही आधार मिळतो. दोन चाकांतील अंतर १४० सेंटिमीटर व गुरुत्वमध्याची उंची ७० सेंटिमीटर धरल्यास स्थैर्याचे गुणोत्तर १ येते. उंची ८० होताच ते ०·८७५ वर उतरते. मागे मजूर बसलेले असता हा फरक केवळ आकड्यांचा राहत नाही.

भाषेच्या व्यवस्थेत एका घटकाचे स्थान बदलले की इतरांचे मूल्य बदलते, हा विचार अभ्यासकांस परिचित आहे. पाटा, आस, शॉकअप व चासी यांचीही अशीच व्यवस्था असते. तीत ‘उंची’ नावाची सुटी वस्तू नाही. आहेत ते परस्परसंबंध. आणि ते प्रथम दिसावयाचे तर प्रत्येक भाग काय करतो हे सांगणारा शब्द हाताशी असावा लागतो.