पडदा बघून आत

पहाटे ५. मी सहलीला आणलेला गट उठायच्या आत मला आंघोळ उरकायची असते, पण त्याआधी तळमजल्यावरचे पडदे बघून यायचे. जपानमधल्या कुसात्सुच्या या पारंपरिक निवासात, म्हणजे र्‍योकानमध्ये गरम झऱ्याच्या पाण्याची दोन मोठी सामाईक स्नानगृहं आहेत. दोन्हींचा लाभ सगळ्यांना मिळावा म्हणून रात्रीतून बायका-पुरुषांची अदलाबदल होते. काल निळा पडदा होता त्या दारावर आज लाल. "डावीकडचं आपलं" असं घोकून झोपलेले एक काका खांद्यावर टॉवेल टाकून डावीकडेच निघालेत.

"काका, दिशा नको, पडदा बघा!"

काका ब्रेक लावल्यासारखे थांबतात. त्यांच्या युकाताची, म्हणजे सुती किमोनोची, उजवी बाजू वर आलीय. डावी वर घ्यायची. उजवी वर घेतात ती फक्त मृताला नेसवताना. हे कारण सांगितलं की दुसर्‍यांदा चूक होत नाही.

७.३०. न्याहारी. मिसो सूपमध्ये मासा आहे का, यावर रोजची चर्चा. आहे. शाकाहारींसाठी पुण्याहून आणलेले पोह्यांचे डबे उघडतात आणि विषय मिटतो.

९.३०. युबाताके, म्हणजे 'गरम पाण्याचं शेत'. गावाच्या मधोमध मिनिटाला सुमारे ४,००० लिटर पाणी उसळतं आणि लाकडी पन्हाळींतून वाहत निवतं. पन्हाळीत साचलेला पिवळट गंधक खरवडून विकतात. पाणी पन्नास अंशांच्या वर, चवीला लिंबाच्या रसाइतकं आंबट. गार पाणी मिसळलं तर औषधी गुण पातळ होतो, म्हणून जवळच्या नेत्सुनोयु या सभागृहात बायका पुरुषभर उंचीच्या फळ्यांनी पाणी घुसळून निववतात, गाणं म्हणत. आपल्या गटातल्या दोघींनी फळी हातात घेतली. एकीचा शेरा: "जात्यावर बसल्यासारखंच आहे की!" मेजी काळात टोकियोत वैद्यक शिकवणार्‍या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरांनी या पाण्याची महती गायली, हे मी सांगते. ऐकत कोणी नसतं, सगळे फोटोत.

दुपारी ३. लॉबीत माझं पंधरा मिनिटांचं प्रवचन, काल कुंडात उतरायचा धीर न झालेल्यांसाठी. अंगावर काही घालायचं नाही म्हटलं की शांतता पसरते. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या, राजापूरच्या गरम कुंडांत बाया नेसत्या लुगड्यानिशी उतरतात, त्यामुळे ही शांतता मला समजते. पण इतक्या फेर्‍यांनंतर माझं मत पक्कं झालंय: लाज अनोळखी माणसांची नसते, ओळखीच्यांची असते. जपानी बाई तुमच्याकडे बघतही नाही. व्याही मात्र समोर बसलेले असतात! म्हणून मी पाळ्या लावते: व्याही वेगळे, साडू वेगळे, सासू-सून तर कधीच एकत्र नाहीत.

४.३०. बायकांची पाळी. साताऱ्याकडच्या सत्तरीच्या काकू माझ्या हाताला धरून आल्यात. त्यांच्या मनगटाशी गोंदलेलं तुळशीवृंदावन आहे. इथे गोंदण म्हटलं की गुंडांच्या टोळ्या आठवतात, बर्‍याच ठिकाणी आत घेत नाहीत. मी आधीच काउंटरवर विचारून ठेवलं होतं. एवढंसं चालेल, झाका म्हणाले. कातडीच्या रंगाची पट्टी चिकटवताना काकू हसल्या: "लग्नात आईनं हौसेनं गोंदवलं, आन् आता चोरावाणी झाकायचं."

आत गेल्यावर मात्र शिकवायला काही उरलंच नाही. बुटकं स्टूल, लाकडी बादली, समोर नळ. काकू बसल्या, अंग चोळलं, खळाखळा पाणी घेतलं, साबणाचा फेस राहिला का ते पाहिलं आणि स्टूलही धुऊन ठेवलं. पाटावर बसून आंघोळ करण्यात त्यांचा जन्म गेलाय. चुकल्या त्या तरुण मुली. उभ्यानेच शॉवर घेतला आणि शेजारच्या आजींच्या अंगावर सगळे शिंतोडे. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त दोन स्टूल पलीकडे सरकल्या. मी मुलींना खुणेनं खाली बसवलं.

केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. कुंडात चेहरा धुवायचा नाही. हे आंबट पाणी डोळ्यांत गेलं की कळतं. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे.

"काकू, जोडवी काढा. गंधकानं चांदी काळी पडते."

"नवरा हाय तवर नाय काढायची."

त्या उतरल्या, गळ्यापर्यंत बुडाल्या आणि डोळे मिटून "आई गं" म्हणाल्या. पलीकडच्या आजींनीही तसाच लांब सुस्कारा सोडला.

६.३०. जेवण. व्याही एकमेकांना पाण्याच्या गोष्टी सांगताहेत, वेगवेगळ्या पाळ्यांतल्या.

रात्री ९.३०. खोल्यांची फेरी. संडासाच्या चपला घालून कुणीतरी खोलीतल्या तातामी चटईवर आलंय. त्या गुपचूप जागेवर ठेवते. काकूंच्या खोलीत दिवा. पाय पुढे घेऊन बसल्यात, जोडवी शाईसारखी काळी, आणि काका बोटावर टूथपेस्ट घेऊन ती घासून देताहेत.

"उतरतंय का?" मी विचारलं.

"उतरंल. उद्या पाचाला कोणता पडदा आमचा, तेवढं सांग."