पाहुणा येतो, पैसा कुणाच्या घरी जातो? जॉर्डनच्या दाना गावाची गोष्ट

भूगोलात पर्यटनाचा धडा आला की आम्ही मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो. पर्यटकाने शंभर रुपये खर्च केले, तर त्यातले गावात किती राहिले? मुलं आधी म्हणतात, सगळेच. मग आम्ही एकेक खर्च फळ्यावर मांडतो. विमान बाहेरच्या कंपनीचं, हॉटेलचा मालक मोठ्या शहरातला, बस टूरवाल्याची. गावाच्या वाट्याला बऱ्याचदा चहाचे पैसे आणि कचरा, एवढंच उरतं.

हे उलटं करता येतं का? त्यासाठी जॉर्डनमधलं दाना पाहण्यासारखं आहे. आपल्याकडचे अनेक जण झियारतसाठी जॉर्डनला जातात. मूताजवळच्या मझारला हजरत जाफर (रजि.) आणि त्यांच्या साथीदारांच्या कबरींवर फातिहा पढतात आणि मग पेट्रा बघायला निघतात. या दोन ठिकाणांच्या मधल्या डोंगरात दाना आहे. उस्मानी काळातली दगडी घरं, उतारावर अंजीर-डाळिंबाच्या बागा आणि खाली खोल दरी.

1989 साली इथे सुमारे 300 चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. दीड हजार मीटर उंचीच्या पठारापासून ते थेट समुद्रसपाटीच्याही खाली उतरतं. त्यामुळे इथे वनस्पती आणि प्राण्यांची फार विविधता आहे. पण जंगल वाचवायचं म्हणजे चराईवर बंधन आलं, आणि इथल्या बदू कुटुंबांचं पोट तर शेळ्यांवरच! नुसती बंदी घातली असती तर लोक जंगलाचे वैरी झाले असते. दुसरीकडे, गावातली बरीच कुटुंबं सिमेंट कारखान्यातल्या नोकरीसाठी जवळच्या कादिसियाला गेली होती.

म्हणून क्षेत्राची देखरेख करणाऱ्या 'रॉयल सोसायटी फॉर द कन्झर्व्हेशन ऑफ नेचर' या संस्थेने 1994 पासून आंतरराष्ट्रीय मदतीच्या आधारे रोजगाराची कामं सुरू केली. बागांतली फळं वाळवून आणि त्यांचे मुरंबे करून विकायला सुरुवात झाली. स्त्रिया चांदीचे दागिने घडवू लागल्या, आणि नक्षीसाठी नमुने घेतले ते इथल्याच झाडांचे आणि प्राण्यांचे. पाहुण्यांसाठी अतिथिगृह झालं. रुम्माना इथला तंबूंचा तळही असाच. तिथे तंबू मोजकेच ठेवले, म्हणजे गर्दीचा भार जंगलावर पडू नये.

2005 साली दरीच्या खालच्या टोकाला फेनान इथे 26 खोल्यांचं निवासस्थान उघडलं. वीज सौरऊर्जेची, तीही जेमतेम गरजेपुरती. रात्री खोल्यांत मेणबत्त्या लावतात, आणि त्या मेणबत्त्या स्थानिक स्त्रियाच बनवतात. भाकरी शेजारच्या बदू वस्तीतून येते. शेवटच्या कच्च्या रस्त्यावर पाहुण्यांना स्थानिक चालक आपापल्या गाड्यांतून पाळीपाळीने नेतात, म्हणजे भाडं एकाच घरात साठत नाही. 2009 पासून हे निवासस्थान एक खासगी कंपनी चालवते, पण कामाला माणसं परिसरातलीच.

आमच्या मते 'शाश्वत पर्यटन' या जड शब्दाचा अर्थ एवढाच. ज्याला जंगल राखायला सांगता, त्याच्या चुलीला जंगल राखून काहीतरी मिळालं पाहिजे.

अर्थात सगळं सुरळीत आहे असं नाही. शेजारच्या देशात युद्ध पेटलं किंवा कोरोनासारखी साथ आली की पाहुणे थांबतात आणि मेणबत्त्याही विकल्या जात नाहीत. शिवाय 2021 मध्ये सरकारने तांब्याच्या खाणकामासाठी या क्षेत्राचा काही भाग वेगळा काढायचं ठरवलं. संस्थेने विरोध केला. पण बेरोजगार तरुणाला खाणीतल्या नोकरीचं आश्वासन मोठं वाटणारच, त्याला दोष कसा द्यायचा? पर्यटनातून मोजक्याच घरांना काम मिळालं, तर बाकीची घरं जंगलाच्या बाजूने का उभी राहतील? दानाची खरी परीक्षा इथेच आहे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लोक येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. मार्ग तोच आहे.

तेव्हा पुढच्या सहलीला निघताना टूरवाल्याला तीन गोष्टी जरूर विचारा : मुक्काम कुणाच्या घरी, जेवण कुणाच्या हातचं, गाडी कुणाची? चार जणांनी विचारलं तर टूरवालाही उत्तर शोधायला लागेल.