भाताच्या धसकटातील बिऱ्हाड

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी परिसरात खरिपात भाताचे पीक घेतले जाते. या पिकाचा जुना शत्रू म्हणजे पिवळा खोडकिडा होय. त्याचा पतंग इवलासा. मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका. पानाच्या शेंड्याजवळ ती पुंजक्याने अंडी घालते व केसाळ आवरणाने झाकते. अळी खोडात शिरून आतील गाभा खाते. फुटवे येण्याच्या काळात पोंगा सुकतो, ती गाभेमर. पुढे लोंब्या पांढऱ्या व पोकळ निघतात, ती पळींज. पळींज दिसू लागली की त्या लोंबीचे दाणे गेलेच म्हणावयाचे.

कापणीनंतर अळी जाते कोठे? ती धसकटातच मुक्काम करते. म्हणून कापणी जमिनीलगत करावी, लगेच नांगरट करून धसकटे वेचून नष्ट करावीत. लावणीपूर्वी तरव्याचे शेंडे खुडल्यास त्यांवरील अंडीही जातात. खर्च तो काय, थोड्या मेहनतीचा! मात्र एकट्याने नांगरून भागत नाही. शेजारच्या पतंगास बांध आडवा येत नाही. नांगरट शिवारभर एकाच सुमारास व्हावी, यासाठी कापणीपूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेणे इष्ट ठरेल.