रंजक-संवेदित सौरघट आणि अब्जांशी कण

सिलिकॉनच्या सौरघटात प्रकाशाचे शोषण व विद्युत्भाराचे वहन ही दोन्ही कार्ये एकाच द्रव्यास करावी लागतात. म्हणून ते अत्यंत शुद्ध असावे लागते. रंजक-संवेदित घटात या कार्यांची विभागणी केलेली असते. रंजकाचा रेणू प्रकाश शोषून आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइड या अर्धवाहकास देतो. तो वाहक काचेमार्गे बाहेरील मंडलात जातो, आणि रंजकाची उणीव द्रावणातील आयोडाइड भरून काढते.

तथापि अर्धवाहकास प्रत्यक्ष चिकटलेले रेणूच येथे उपयोगी पडतात. सपाट पृष्ठावरील एका रेणूइतका पातळ थर प्रकाशाचा अत्यल्प अंश शोषतो. थर जाड केल्यास वरच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन अर्धवाहकापर्यंत पोचत नाहीत.

हा पेच १९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओ'रेगन व मिखाएल ग्रेट्सेल यांनी सोडविला. सपाट पृष्ठाऐवजी त्यांनी अब्जांशी, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागांएवढ्या व्यासाच्या, कणांचा सुमारे १० मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र थर योजिला. त्याचे आंतरिक पृष्ठफळ सपाट पृष्ठाच्या शेकडो पट भरले, आणि कार्यक्षमता ७ टक्क्यांवर गेली.

परंतु या युक्तीतच दुसरी अडचण दडलेली होती. इलेक्ट्रॉनास आता कणाकणांतून, वाटेतील सापळ्यांत अडकत व सुटत, मार्ग काढावा लागतो. या विलंबात द्रावणातील ट्राय-आयोडाइड त्यास हिरावून घेऊ शकते. यावर उपाय म्हणून २००५ साली अमेरिकेतील बर्कली येथे झिंक ऑक्साइडच्या उभ्या अब्जांशी तारांचा घट करण्यात आला. तारेतून इलेक्ट्रॉनास सरळ मार्ग मिळाला. पण तारांचे पृष्ठफळ कणांच्या थराच्या फार तर एक-पंचमांश भरल्याने कार्यक्षमता १.५ टक्क्यांवरच राहिली.

यावरून असे दिसून येईल की, कण जितका लहान तितकी वीज अधिक, असे सरळ समीकरण येथे मांडता येत नाही. पृष्ठफळ व मार्ग या दोहोंचा मेळ घालावा लागतो. सूक्ष्म कणांच्या थरामागे सुमारे ४०० अब्जांश मीटर व्यासाच्या मोठ्या कणांचा थर देणे, ही त्यांपैकी एक युक्ती होय. हे कण निसटू पाहणारा प्रकाश विखरून पुन्हा रंजकाकडे वळवितात. त्यामुळे पातळ थरानेही काम भागते आणि इलेक्ट्रॉनाची वाट आखूड होते. लोझान येथेच २०१४ साली पॉर्फिरीन वर्गातील रंजक व कोबाल्टयुक्त द्रावण योजून १३ टक्के कार्यक्षमता साधण्यात आली. कणांची रचना, रंजक व द्रावण यांचा विचार एकत्रितपणेच केला पाहिजे, हे त्यावरून स्पष्ट होते.